छातीतली खाडी

सुई आत गेली तेव्हा नागूने डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत.

त्याला खुर्चीवर उलटं बसवलं होतं. छाती खुर्चीच्या पाठीला टेकलेली, हात वरून पुढे सोडलेले, पाठ उघडी. मी समोर जमिनीवर बसून त्याची मनगटं धरली होती. चेऊलकर डॉक्टरीणबाईंनी आधी बोटांनी त्याची पाठ वाजवून पाहिली. कुंभाराकडे मडकं घेताना आपण वाजवतो तशी, वरून खाली, पुन्हा वरून खाली. डावीकडे सगळा पोकळ आवाज. उजवीकडे मात्र थोडं खाली आलं की बद्द, भरल्या रांजणावर टिचकी मारावी तसा. जिथे आवाज बदलला तिथे त्यांनी शाईने खूण केली आणि खुणेच्या खाली, दोन बरगड्यांच्या मधून, सुई घातली.

नळीतून पाणी बाटलीत पडायला लागलं. मला वाटलं होतं गढूळ असेल, चिखलाच्या रंगाचं. ते पिवळं निघालं, नितळ, नव्या पेंढ्याच्या रंगाचं. बाटली अर्धी भरली, मग आणखी वर आली. माझ्या नवऱ्याच्या अंगात एवढं पाणी होतं आणि तो ते घेऊन चालत होता.

मी विचारलं, “बाई, ह्या पानी खारा हाय का?”

बाईंचा हात थांबला नाही, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या जागी बसलेली बायको बहुतेक वेळा ‘बरा होईल ना’ असंच विचारत असणार.

“का हो? खारं असायला हवं का?”

“खाडीचा हाय तर खाराच पायजे.”

“खाडीचं?”

नागू डोळे न उघडता म्हणाला, “बामे, त्यांना काम करू दे.”

बाई म्हणाल्या, “काम चाललंय. तुम्ही सांगा.”

मग मी सांगितलं.

आमचं गाव पेणकडच्या खाडीकाठावर. शेतं खाडीच्या पाण्याहून खाली आणि मध्ये मातीचा बांध, असं आमचं जगणं. बाहेरचा मोठा बांध तो बाहेरकाठा. त्याच्या आत दुसरा लहान बांध असतो. उधाणाला बाहेरकाठा कुठे फुटला तर आम्ही खांड पडली म्हणतो, आणि खांड पडली की गावकीची हाक येते. घरटी एक माणूस गेलाच पाहिजे. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची आणि ओहोटी आहे तोवर खांड बुजवायची. नाही बुजली तर पुढच्या भरतीला खारं पाणी आत शिरतं आणि गावाचा भात जातो, तो एका वर्षाचा नाही, पुढच्या वर्षांचाही.

त्या भाद्रपदात खांड पडली तेव्हा बांबूचा तट्टा धरून ऐन तोंडावर उभा राहिला तो नागू. अंगाने उंच आणि पायांचा घट्ट, म्हणून त्यालाच उभं केलं. तो उभा होता तोवर लोकांनी त्याच्यामागे चिखल लोटला. मग त्याच्या पायाखालची माती सरकली आणि तो तट्ट्यासकट बाहेर खाडीत गेला. तिवरांच्या झाडीत अडकला म्हणून सापडला. केस धरून ओढून काढला, बांधावर पालथा घातला, तेव्हा नाकातोंडातून किती पाणी आलं ते मी पाहिलं आहे. खांड मात्र बुजली. भात वाचला.

दसऱ्याला तो ठीक होता. दिवाळीनंतर मिठागरावर काम सुरू झालं आणि त्याला वाफ्यातलं मीठ ओढता येईना. कोरडा खोकला. संध्याकाळ झाली की अंग तापायचं. हसला की उजव्या कुशीत टोचायचं, म्हणून त्याने हसणं सोडलं. पुढे पुढे एक वाक्य बोलायचं तर मध्ये दम घ्यावा लागे. बाजारगावच्या डॉक्टरने थंडीतापाच्या सुया दिल्या, त्याने काही झालं नाही. मग छातीचा फोटो काढला, तो उजेडाला धरला आणि सांगितलं, छातीत पाणी झालंय, तालुक्याला न्या.

छातीत पाणी. गावात या दोन शब्दांचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. पाणी कुठून आलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पालथा घातला तेव्हा सगळं निघालं नव्हतं, एवढंच.

गावकीचा हाशा पाटील घरी येऊन बसला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, “नागू, आमची खाडी तू छातीत घेऊन बसलायस. आता आत वाफे पाड नि मीठ पिकव, अर्धा वाटा गावाचा.” लोक हसले. नागू हसला नाही, टोचलं असतं म्हणून, पण त्याचा चेहरा मला अजून आठवतो. नवरदेवासारखा बसला होता. येत्या शिमग्याला होळी पेटवायचा मान त्याला द्यायचा असं त्याच बैठकीत ठरलं. ज्यांना तो मान मिळतो त्यांची नावं आमच्याकडे म्हातारे लोक पाठ म्हणून दाखवतात.

माझ्या सासूने, चांगुणाबायने, इलाज सुरू केला. आत खारं पाणी आहे म्हणून त्याचं पाणी तोडलं. जाडं मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधायचं आणि छाती शेकायची, म्हणजे मीठ मिठाला ओढून घेईल. ती दिवसरात्र त्याच्या अंगावर वाकून शेकत बसे. रोज एक अंडं फोडून दुधातून देई. तरी त्याच्या बरगड्या दिसायलाच लागल्या. शेवटी मी एसटीत घालून त्याला तालुक्याला आणलं. सासूने दारात सांगितलं होतं, पानी काढून घ्या आणि घरी आणा, त्याच्यापुढे एक अक्षर ऐकायचं नाही.

हे सगळं मी सांगेपर्यंत बाटली भरत आली होती. बाईंनी सुई काढली, भोकावर कापूस दाबला. नागूने लांब श्वास घेतला आणि स्वतःच दचकला. एवढा श्वास त्याला किती दिवसांनी आला होता.

बाई हात धुता धुता म्हणाल्या, “चव घेऊन काही कळायचं नाही. माणसाचं सगळं पाणी खारंच असतं. घाम खारा, डोळ्यातलं पाणी खारं. हेही थोडं खारं असणार.” मग त्यांनी एक कागद घेतला आणि माझ्याजवळच स्टुलावर बसून चित्र काढलं. त्या काळी मला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे कुणी चित्र काढलं की मी डोळे फाडून बघायची. मधे फुफ्फुस. त्याला चिकटून एक पातळ पडदा. त्याच्या बाहेर, बरगड्यांना आतून, दुसरा पडदा. दोन्हींच्या मध्ये जागा अशी नाहीच, नुसता ओलावा.

“पाणी इथे आहे,” त्यांनी पेन्सिल दोन रेघांच्या मध्ये टेकवली.

मी म्हटलं, “म्हंजे बाहेरकाठा नि आतला बांध. पानी दोन बांधांच्या मधी.”

“बरोबर. आता त्या दिवशी नाकातोंडातून जे पाणी गेलं, ते या नळीने इथे आत गेलं. आतल्या बांधाच्याही आत. ते त्याने तेव्हाच खोकून टाकलं, उरलं ते अंगाने शोषलं. नळीतून या दोन रेघांच्या मध्ये यायला वाट नाही. मग हे आलं कुठून?”

मी कागदाकडे बघत राहिले. खांड पडली असती तर फुफ्फुसच फाटलं असतं आणि तो जगलाच नसता. बांध उभा आहे आणि तरी मध्ये पाणी आहे. असं आमच्याकडेही होतं, बांध कुजतो तेव्हा.

“पाझरला,” मी म्हटलं.

“पाझरलं,” बाई म्हणाल्या. “पडद्याला काहीतरी झालंय, म्हणून तो पाझरतोय. पाणी काढून उपयोग नाही, पुन्हा भरेल. काय झालंय ते शोधायला हवं.”

त्यांनी सांगितलं, हृदय थकलं तरी असं पाणी होतं, पण मग पाय सुजतात आणि बहुतेक दोन्ही बाजूंना भरतं. पू असता तर पांढरा दाट आला असता आणि माणूस तापाने फणफणला असता. वाईट गाठ असली तर पुष्कळदा पाणी लालसर येतं. “तरणा माणूस, एकच बाजू, संध्याकाळचा ताप, पेंढ्याच्या रंगाचं पाणी. माझा संशय क्षयावर आहे.”

मी नागूची मनगटं अजून धरलेली होती. ती ताठ झाली.

आमच्याकडे तो शब्द कुणी उच्चारत नसे. ज्या घरात तो आजार निघे, तिथे लोक पाणी प्यायचे बंद होत. मिठागरावर त्या माणसाला वाफ्यात उतरू देत नसत. आणि होळीचा मान तर दूरच.

नागू म्हणाला, “बाई, मी खांडीत उभा व्हतो. गावानं बघितलाय.”

“ते खरंच आहे.”

“मग ह्या खाडीचाच पानी. आमी मीठवाले हाव. खाडीच्या पान्याची चव नाय घेत आमी, त्याना आटवतो. खाली मीठ राहिला तर खाडीचा. आटवा ह्याना, माज्यासमोर. मीठ राहिला तर मी घरी जातो. नाय राहिला तर तुम्ही बोलाल त्या सुया घेतो.”

एवढं बोलून तो दमायला हवा होता. थोडासाच दमला.

मला वाटलं बाई रागावतील. त्या म्हणाल्या, “चालेल. मी ते तापवून बघणारच होते, वेगळ्या कारणासाठी. पण नुसतं हेच कशाला? तुमच्या खाडीचं पाणीही आणा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवू.” मग त्यांनी त्याच्या हातावर कातडीत एक बारीक टोचणी दिली, तिथे पुढे गांधी उठते का ते बघायचं म्हणून, थोडं पाणी मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलं आणि उरलेली बाटली खिडकीत ठेवली. नागूला त्यांनी खाट दिली. मी घरी गेले.

सकाळी मी भरतीचं पाणी बाटलीत भरून निघाले तर सासू लुगडं सावरून दारात उभी. तिला मी फक्त आटवायची गोष्ट सांगितली होती, तो शब्द सांगितला नव्हता. ती म्हणाली, मीठ निघेल ते मी डोळ्यांनी बघणार आणि मुलाला घेऊन येणार. एसटीत ती खोकत होती. ती खोकतच असे. चुलीचा धूर, आम्ही म्हणायचो, आणि तीही तेच म्हणायची.

खिडकीतली बाटली आदल्या दिवशी नितळ होती. आता तिच्यात मधोमध काहीतरी लोंबत होतं, पांढुरकं, कोळ्याच्या जाळ्यासारखं. मी हलवून पाहिली. जाळं हललं, तुटलं नाही. खाडीचं पाणी कितीही दिवस ठेवा, असं होत नाही. नागूनेही ते पाहिलं असावं, कारण तो त्या बाटलीकडे पाठ करून बसला होता.

बाईंनी स्पिरिटचा दिवा पेटवला. आधी काचेच्या नळीत खाडीचं पाणी घेतलं आणि ज्योतीवर धरलं. ते उकळलं, उसळलं, नितळच राहिलं. त्यांनी ते आटू दिलं. शेवटी नळीच्या बुडाशी पांढरं कडं उरलं. निवल्यावर सासूने बोट घालून चाखलं आणि खोलीभर बघितलं.

“मीठ,” ती म्हणाली. जणू खटला जिंकला.

मग दुसऱ्या नळीत नागूचं पाणी. ज्योतीवर धरल्याबरोबर ते धुरकट झालं. उकळायच्या आतच पांढरं झालं. आणि मग घट्ट. बाईंनी नळी उलटी केली तरी खाली पडेना.

नागूने ती नळी मागून घेतली. गरम होती, ती त्याने पंच्यात धरली आणि उजेडाकडे नेली. मीठ कसं धरतं, कधी धरतं, हे त्याला आमच्या मिठागरात सगळ्यांपेक्षा जास्त कळायचं. हे मीठ नव्हतं.

“ह्या काय हाय?”

“अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर होतो ना, तसंच. तुमच्या रक्तातला भाग आहे, पडद्यातून पाझरलेला. पाणी हृदयामुळे असतं तर नुसतं धुरकट झालं असतं, एवढं धरलं नसतं. खाडीत तर हे नसतंच.”

“म्हंजे माज्या छातीत खाडीचा कायच नव्हता,” नागू म्हणाला.

कुणीतरी त्याची वस्तू उचलून नेल्यासारखा तो बोलला. मला त्याच्या आजारापेक्षा त्या वाक्याचंच जास्त वाईट वाटलं.

सासू तेवढ्यात विचार करून मोकळी झाली होती. “अंडा,” ती म्हणाली. “मी रोज अंडा देत व्हती त्याना. तोच चढला छातीत. बामे, उद्यापासून अंडा बंद.”

बाईंना हसू आलं, मलाही आलं, आणि नागूही हसला. कुशीत हात दाबून, पण हसला. आम्ही हसतो म्हणून सासूही हसायला गेली आणि तिला ढास लागली. ती भिंत धरून खोकली. पदराने तोंड पुसलं. पुन्हा खोकली.

बाईंचं हसू केव्हाच गेलं होतं. त्या मान कलती करून ऐकत होत्या, आदल्या दिवशी पाठीवरचा आवाज ऐकला होता तशा.

“आजी, खोकला कधीपासून?”

“चुलीचा धूर हाय ह्या.”

“इथे तर चूल नाही.”

सासूने माझ्याकडे बघितलं, मी सांगितलं असेल असं समजून. बाईंनी एक झाकणाची डबी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, इथेच मुलाजवळ राहा आणि सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून जे येईल ते यात टाका. सासू म्हणाली, माझ्यात कुठे पानी झालाय? बाई म्हणाल्या, नाही झालं, असं सिद्ध करू. हे सासूला पटलं. डॉक्टरला चुकीचं ठरवायची संधी तिने सोडली नसती.

त्याच दिवशी नागूला पहिली सुई दिली. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता तो. हातावरच्या टोचणीची गांधी पुढे रुपयाएवढी उठली, लाल आणि कडक.

निकाल आले तेव्हा बाईंनी मला एकटीला बाहेर पायरीवर बोलावलं. त्या म्हणाल्या, नागूच्या पाण्यात जंतू दिसले नाहीत, पण या प्रकारात ते बहुतेकदा दिसत नाहीतच, पाण्यातल्या पेशी मात्र क्षयात असतात तशा आहेत. मग त्यांनी हातातला दुसरा कागद वर घेतला.

“सासूबाईंच्या बेडक्यात दिसले. भरपूर. आता मला शंका उरली नाही.”

मला एक गोष्ट कळायला हवी होती. “त्याच्याकडनं तिना लागला, का तिच्याकडनं त्याना?”

“त्याचं बांधाच्या आड आहे. खोकला आला तरी त्यातून सहसा बाहेर पडत नाही. तिचं उघड्यावर आहे. एवढे जंतू काही काल-परवाचे नाहीत. तिच्याकडूनच आलं असणार. तुम्हाला मुलगी आहे ना? ती कुठे झोपते?”

आमची सुली आजीच्या कुशीत झोपायची. आजीशिवाय तिला झोप येत नसे.

बाई म्हणाल्या, “मुलीला उद्या आणा, तुम्हीही तपासून घ्या. आणि आजींना औषध घ्यावंच लागेल, वर्षावर. दोघांनाही. हे त्यांच्यापर्यंत कसं पोचवायचं ते तुम्ही बघा. मी सांगितलं तर त्या माझं ऐकणार नाहीत.”

ते खरं होतं. ऐकलं असतं तर आणखी वाईट झालं असतं. नागूच्या आधीची तिची दोन मुलं लहानपणीच गेली होती. हा एक राहिला म्हणून ती राहिली होती. त्याच्या छातीवर वाकून वाकून तिने मीठ शेकलं, आणि तो आजार तिनेच दिला असं कळलं असतं तर तिने औषध घेतलं नसतं. तिने जेवणही घेतलं नसतं.

मी आत जाऊन नागूला सगळं सांगितलं, हळू आवाजात. सासू बाहेर नळावर ताटली धूत होती. तो छताकडे बघत ऐकत राहिला. मला वाटलं आता रडेल. त्याने फक्त विचारलं, सुलीला औषध लागलं तर लहान मुलांचं वेगळं असतं का. मग सासू आत आली.

“आये, बस,” तो म्हणाला.

ती ताटली मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसली.

आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने आयुष्यात मापात पसाभर मीठ कमी भरलं नाही, खोटं बोलायला सुरुवात केली. त्याने सांगितलं की खाडीचं पाणी छातीत राहिलं नाही हे खरं, पण खांडीच्या तोंडाशी कुजका चिखल होता, त्यातून त्याला हा आजार लागला. तो शब्दही त्याने उच्चारला. मग सांगितलं की ती दिवसरात्र त्याच्यावर वाकून बसायची, त्याचा श्वास तिच्या तोंडावर यायचा, म्हणून त्याच्याकडून तो तिला लागला. बाईंनी तसं तपासून काढलंय. चिखलातले जंतू कसे असतात, अंगात कसे चढतात, एका माणसातून दुसऱ्यात कसे उडी मारतात, हे सगळं त्याने रचून रचून सांगितलं. तट्टा धरून उभा होता तेव्हा पायाला काय चावल्यासारखं वाटलं तेही सांगितलं. मला माहीत होतं की असं काही चावलं नव्हतं. मी खिडकीकडे बघत उभी राहिले.

सासू ताटलीवरचं पाणी पदराने टिपत ऐकत होती.

शेवटी तो म्हणाला, “माज्यापायी तुना झाला, आये. मना माफ कर.”

तिने ताटली उलटी करून मागूनही टिपली. मग म्हणाली, “नि मी सुया नाय घेतल्या तर?”

“तर तुज्याकडनं परत मना लागल. नि सुलीला.”

“गाढवा,” ती म्हणाली. “आयेला आजार देतंस. लाज नाय वाटत?” आणि ती उठली, ताटली कपाटात ठेवली आणि मला म्हणाली, “बाईला सांग, सुई बारीक घे. माजी चामडी म्हातारी हाय.”

औषध दोघांनी मिळून घेतलं. पुढे नागू कधीतरी कंटाळे, गोळी हातात घेऊन बसे, तर सासू त्याच्यासमोर आपली गोळी गिळून दाखवी आणि तोंड उघडून जीभ बाहेर काढी. सुलीला काही निघालं नाही, तरी तिलाही काही महिने गोळ्या दिल्या. गावात आमचं पाणी बंद झालं ते झालंच. भात वाचवला म्हणून ज्यांनी नागूला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं, ते आमच्या ओट्यापाशी आले की भरभर पुढे निघून जात. शिमगा आला तेव्हा नागू स्वतः गावकीत गेला आणि आपल्याला काय झालंय ते त्याने उभं राहून सांगितलं, मान दुसऱ्याला द्या म्हणाला. हाशा पाटील पान चघळत बसला होता. तो म्हणाला, “छातीत पानी कुनाचा व्हता ते तू नि तुजी डॉक्टरीण बघा. खांडीत मानूस आमचा व्हता. चूड घे.” नागूने होळी पेटवली. पेटवताना त्याने लांब श्वास घेऊन हातातली पेंढ्याची चूड फुंकली, मी पाहत होते.

पुष्कळ वर्षं गेली. गावच्या शाळेत संध्याकाळी प्रौढांचा वर्ग निघाला आणि मी त्यात जाऊन बसले. केस पांढरे झाल्यावर मला अक्षरं आली. अक्षरं आली की सगळ्या भिंती बोलायला लागतात. मी दिसेल ते मोठ्याने वाचायची, खताची जाहिरात, एसटीची पाटी, काहीही. सासू तेव्हा पार वाकली होती, पण कान शाबूत होते. ती म्हणायची, पुरे कर, डोका दुखतो.

एकदा तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून आम्ही दोघी तालुक्याच्या स्टँडवर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठी ओळ होती. मी एकेक अक्षर लावत वाचली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या.

सासू म्हणाली, “दोन आठवडे? मी तर शिमग्यापासून खोकत व्हती.”

“कुठल्या शिमग्यापासून?”

“खांड पडली त्याच्या आधीच्या. सोंगा बघाया गेली नव्हती मी, खोकल्यापायी. तू सुलीला घेऊन गेलतीस.”

मला ते आठवलं. मी गेले होते आणि ती घरी राहिली होती. म्हणजे खांड पडण्याच्या कितीतरी आधीपासून. मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत होती, जिथलं तिला एक अक्षर दिसत नव्हतं आणि दिसलं तरी वाचता आलं नसतं.

“म्हंजे तुमाला कळला व्हता,” मी म्हटलं. “तवाच. तो तुमच्यासमोर एवढा खोटा बोलत व्हता, नि तुमी गप बसून ऐकला.”

तिने पदर गुडघ्यावर सारखा केला.

“महिनाभर त्याच्या तोंडातनं एक वाक्य पुरा निघत नव्हता,” ती म्हणाली. “नि त्या दिवशी केवढा बोलला. एकदा बी दम घ्याया थांबला नाय. मी मनात बोलली, बोलू दे त्याना.”